अर्धा भरलेला ट्रक

हिंजवडीत रात्री दहानंतर एखाद्या चहाच्या टपरीवर उभे राहा. शेजारी गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेला एखादा मुलगा फोनवर काकुळतीला येऊन ओरडत असेल, "अरे, अर्धा भरलेला ट्रक दाब! पूर्ण भरलेला नको! पूर्ण भरलेला दाबलास तर मेलो आपण!" त्यावरून तो मालवाहतुकीच्या धंद्यात आहे असा समज करून घेऊ नका. ट्रकशी त्याचा संबंध चांदणी चौकात मागून वाजणाऱ्या हॉर्नपुरताच. तो सॅपमध्ये काम करतो, आणि त्याचा ट्रक संगणकाच्या पडद्यावर आहे.

सॅप ही जर्मन कंपनी आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली काढली. आज जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांचे हिशेब, खरेदी, गोदामं आणि पगार तिच्या सॉफ्टवेअरवर चालतात, आणि ते चालतं ठेवायला आपली मुलं जागतात. या सॉफ्टवेअरमध्ये एका संगणकावर केलेलं काम दुसऱ्या संगणकावर न्यायचा एक खास पडदा आहे, आणि त्याच्यावर ट्रकची चित्रं आहेत. एक ट्रक अर्धा भरलेला. तो दाबला की तुम्ही निवडलेलंच काम पुढं जातं. दुसरा पूर्ण भरलेला. तो दाबला की रांगेत उभं असलेलं सगळं जातं: तुमचं, शेजाऱ्याचं, नोकरी सोडून गेलेल्याचं, आणि 'हे चुकूनसुद्धा पाठवू नका' असं ज्याच्याबद्दल ईमेलमध्ये लाल अक्षरांत लिहिलं होतं तेही. दोन्ही चित्रं नखाएवढी. जर्मन माणूस विनोद करत नाही म्हणतात. करतो, पण चेहरा सरळ ठेवून.

आता या ट्रकात असतं काय? गिऱ्हाइकांची नावं, बिलं, पैसे यांतलं काही नसतं. असतात त्या व्याख्या. बिलावर कोणते रकाने असावेत, कोणत्या तक्त्यात काय साठवावं, कोणतं बटण दाबल्यावर कोणता प्रोग्रॅम चालावा, कोणत्या मालाला कोणता कर लागावा, ही सगळी घडण. ही घडण तयार होते एका संगणकावर, तपासली जाते दुसऱ्यावर आणि खरी चालते तिसऱ्यावर. मंडळी त्यांना डेव्ह, क्वालिटी आणि प्रॉड म्हणतात.

डेव्ह म्हणजे खुलं रान. इथल्या गिऱ्हाइकांची नावं 'टेस्ट', 'टेस्ट टेस्ट' आणि 'टेस्ट न्यू' अशी असतात. कुणी तरी एका बोल्टाची किंमत नऊ कोटी ठेवलेली असते आणि त्यावर अठरा टक्के कर बरोबर लागला म्हणून टाळ्या पिटलेल्या असतात. क्वालिटीत हे सगळं गिऱ्हाइकाच्या माणसांनी बारकाईनं तपासावं अशी अपेक्षा असते. ती माणसं आपापल्या कामात बुडालेली असतात, त्यामुळं तीन आठवडे काहीही न बघता शेवटच्या दिवशी संध्याकाळी "हो, ठीक वाटतंय" असं कळवतात. 'वाटतंय' या क्रियापदावर आजवर अनेक कारखाने सुरू झाले आहेत. आणि प्रॉड म्हणजे खरा संसार. तिथं खरी बिलं निघतात, आणि तिथं काही बिघडलं तर गोदामाच्या फाटकाशी खरे ट्रक उभे राहतात, ज्यांचे चालक हिंजवडीतल्या कुणाचंही ऐकून घेत नाहीत.

डेव्हमध्ये काहीही बदललंत की सॉफ्टवेअर अडवतं आणि विचारतं, हा बदल कोणत्या रिक्वेस्टमध्ये टाकू? या रिक्वेस्टला ऑफिसात टीआर म्हणतात. तिचा नंबर ठरलेल्या घडणीचा: आधी संगणकाचं तीन अक्षरी नाव, मग के, मग सहा आकडे; आणि हे आकडे ९००००१ पासून सुरू होतात. कंपनी कालच उघडली असली तरी तिची पहिली रिक्वेस्ट नऊ लाख एकावी. जुनं घराणं दाखवायची ही युक्ती आपल्याकडच्या अमृततुल्यवाल्यांना अजून कशी सुचली नाही कोण जाणे.

या रिक्वेस्टबद्दल नव्या मुलांचा एक घट्ट गैरसमज असतो. त्यांना वाटतं, बदल केला तेव्हाच तो रिक्वेस्टमध्ये जाऊन बसला. तसं नसतं. रिक्वेस्ट ही नुसती यादी असते. त्यात लिहिलेलं असतं, अमुक प्रोग्रॅम, तमुक तक्ता. प्रत्यक्ष माल उचलला जातो तो रिक्वेस्ट 'रिलीज' करताना, आणि त्या क्षणी तो प्रोग्रॅम ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत. म्हणजे सोमवारी तुम्ही काम पूर्ण केलंत, मंगळवारी शेजारच्यानं त्याच प्रोग्रॅममध्ये स्वतःचं अर्धवट काहीतरी घुसवलं आणि बुधवारी तुम्ही रिलीज केलंत, तर पुढं जातं ते शेजाऱ्याचं अर्धवट. तुमच्या नावानं. उलटही गंमत आहे. यादीत एखाद्या वस्तूचं नाव आहे आणि रिलीजच्या आधी ती वस्तू डेव्हमधून कुणी पुसून टाकली, तर यंत्र तिकडच्या टोकाला जाऊन तिथलीही पुसून टाकतं. यंत्राची आज्ञाधारकता पाहून ऊर भरून येतो.

एका रिक्वेस्टखाली अनेकांचे टास्क असतात, ज्याच्या त्याच्या नावावर. सगळ्यांनी आपापला टास्क रिलीज केल्याखेरीज रिक्वेस्ट रिलीज होत नाही. यात घोडं कुठं अडतं ते महाराष्ट्राबाहेरच्या टीम लीडला कळत नाही. भाद्रपद लागतो. सहा जणांचे टास्क रिलीज झालेले असतात, सातवा गणपतीला गावी गेलेला असतो. गाव सावंतवाडीच्या पुढं, घर डोंगराच्या कुशीत, आणि मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिल्यावर. जर्मनीतला साहेब विचारतो, काम का थांबलं? टीम लीड उत्तरात लिहितो, 'स्थानिक सण'. साहेबाला वाटतं, एका दिवसाचा असेल. गौरी-गणपती आणि त्याला जोडून घेतलेली रजा हे प्रकरण त्याला पुढच्या वर्षी समजतं. खरं म्हणजे टास्कचा मालक बदलून दुसऱ्याच्या हातून तो रिलीज करून घेता येतो. पण मग आत काय आहे याची जबाबदारी त्या दुसऱ्यावर येते. त्यामुळं सातव्याची वाट पाहणं सगळ्यांनाच शहाणपणाचं वाटतं.

नावांचं प्रकरण आणखी वेगळं. सॅपच्या स्वतःच्या वस्तूंशी गल्लत होऊ नये म्हणून गिऱ्हाइकानं केलेल्या वस्तूचं नाव वाय किंवा झेडनं सुरू व्हावं, असा नियम आहे. परिणामी जगभरच्या सगळ्या सॅपमध्ये झेड-टेस्ट नावाचा एक प्रोग्रॅम असतो. त्याच्यामागे झेड-टेस्ट-१, झेड-टेस्ट-नवा, झेड-टेस्ट-फायनल अशी वंशावळ. आणि घात असा, की कारखान्याचा महिनाअखेरचा सगळा हिशेब नेमका झेड-टेस्ट-२ वर चालत असतो. तो कुणी लिहिला ते कुणाला माहीत नसतं. त्याला हात लावायचा नाही एवढंच परंपरेनं सांगितलेलं असतं.

काही वस्तू मुळात प्रवासासाठी बनलेल्याच नसतात. काम करताना घाईत एखादा प्रोग्रॅम 'लोकल' म्हणून साठवला की तो डॉलर-टेम्प नावाच्या कप्प्यात जातो. या कप्प्यातल्या वस्तूला रिक्वेस्ट विचारली जात नाही, म्हणून घाईतल्या माणसाला हा कप्पा फार आवडतो. आणि रिक्वेस्ट नाही म्हणून ती वस्तू कधीच बाहेरगावी जात नाही. मोठा प्रोग्रॅम थाटात प्रॉडला पोचतो, पहिल्याच पावलाला त्या लोकल वस्तूला हाक मारतो, आणि तिथं ओ द्यायला कुणी नसतं.

मग क्रमाचा प्रश्न. तक्ता एका रिक्वेस्टमध्ये, त्यावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये, आणि दुसरी आधी रवाना. हे म्हणजे लग्नाचं वऱ्हाड दोन बसमधून निघावं, भटजी, बँडवाले आणि आइस्क्रीम मुहूर्ताआधी कार्यालयात हजर असावं आणि नवरदेवाची बस खंबाटकी घाटात पंक्चर काढत उभी असावी. मुलीकडच्यांनी "लग्न लागत नाही, एरर येतोय" म्हटलं तर त्यात त्यांची काय चूक? याहून वाईट म्हणजे नवी रिक्वेस्ट आधी गेली आणि जुनी मागून रमतगमत पोचली, तर जुनी आपल्याबरोबरची जुनी व्याख्या नव्यावर खुशाल पसरून टाकते. कालच दुरुस्त केलेली चूक आज तशीच्या तशी परत. अशा वेळी दुरुस्ती करणारा शपथेवर सांगतो की मी केली होती, आणि ते खरं असतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

हा क्रम सांभाळायला सॉफ्टवेअरमध्ये रांगेची सोय आहे. तरी प्रत्येक ऑफिसात खरा क्रम असतो एका एक्सेलच्या पानावर. त्या पानाचं नाव 'टीआर लिस्ट फायनल', त्याच्या शेजारी 'टीआर लिस्ट फायनल लेटेस्ट', आणि ज्याच्यावर खरोखर काम चालतं ते पान कुणाच्या तरी लॅपटॉपवर 'बुक१' या नावानं पडलेलं असतं. कोट्यवधी युरोंचं जर्मन सॉफ्टवेअर, त्याचे सुरक्षित दरवाजे, त्याच्या परवानग्या, आणि शेवटी सगळं भरवशावर सोडलेलं पिवळ्या रंगानं भरलेल्या चौकोनांच्या. हिरवा म्हणजे गेलं, पिवळा म्हणजे जायचंय, केशरी म्हणजे काय ते ज्यानं भरलं त्यालाच माहीत.

प्रत्यक्ष ट्रक हाकतो बेसिसवाला. बेसिस म्हणजे यंत्रणेची देखभाल करणारा विभाग. एरवी त्याच्याशी कुणी बोलत नाही. जेवायला तो एकटा बसतो. रिक्वेस्ट प्रॉडला न्यायची वेळ आली की तो अचानक सगळ्यांचा दादा होतो. "दादा, एक छोटीशी टीआर आहे." "मंजुरी?" "येतेच आहे दादा, साहेब मीटिंगमध्ये आहेत." "आली की सांग." "दादा, तोवर रांगेत तरी लावून ठेवा ना." या 'लावून ठेवा'मध्ये फार मोठा धोका दडलेला आहे हे दादाला अनुभवानं माहीत असतं, कारण पूर्ण भरलेला ट्रक जगात आहे.

ट्रक पोचला की यंत्र निकाल सांगतं. निकाल आकड्यात येतो: शून्य, चार, आठ किंवा बारा. शून्य म्हणजे सगळं सुरळीत. शून्य आलं तर कुणी कुणाला काही बोलत नाही, आणि थोडा संशयही येतो. आठ म्हणजे चूक. काहीतरी आत गेलंच नाही. बारा म्हणजे शब्दशः बारा वाजले. खरी मौज चारची आहे. चार म्हणजे इशारा. काम झालंय, पण यंत्राला काहीतरी म्हणायचं आहे. ते काय म्हणतंय ते वाचायची सोय असते, एका टिचकीवर लॉग उघडतो. पण माझ्या पाहण्यात तो उघडणारे लोक फार थोडे. "किती आला?" "चार." "मग चालेल." चार हा आपल्याकडे उत्तीर्णांतच धरतात.

न वाचलेल्या इशाऱ्यांची किंमत अमेरिकेत एकदा मोजली गेली आहे. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातली मोठी दलाल कंपनी. २०१२ च्या जुलै महिनाअखेरीस तिनं नवा प्रोग्रॅम आपल्या आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. सातांवर चढला. आठव्यावर न्यायचा राहून गेला, आणि सगळे आठ झाले का हे दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना प्रोग्रॅम तसाच पडलेला होता, आणि त्याला जागं करणारी खूण नव्या प्रोग्रॅमसाठी पुन्हा वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि म्हातारा उठून शेअरखरेदीला लागला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेनं कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्यांत त्या जुन्या प्रोग्रॅमचा उल्लेख होता. कुणी लक्ष दिलं नाही. पुढं चौकशी झाली, दंडही झाला. पण मला राहून राहून कुतूहल वाटतं ते त्या ९७ ईमेलचं. आमच्याकडे असत्या तर "सगळ्यांना सीसीमध्ये ठेवलं होतं" या एका वाक्यावर सगळेच सुटले असते.

आणि सगळं नीट पोचलं, निकाल शून्य आला, तरी प्रॉडला चालत नाही. आता येतं या धंद्यातलं आद्य वाक्य: "माझ्याकडे तर चालतंय." हे वाक्य खोटं नसतं. त्याच्याकडे खरंच चालतं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडालं, तेव्हा त्याची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम एरियन-४ वरून आणलेला होता. एरियन-४ वर तो चालत होता, यात शंकाच नाही. पण एरियन-५ चा आडवा वेग जास्त. आकडा त्याला दिलेल्या जागेत मावला नाही, यंत्रणेनं मान टाकली आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट आकाशात फुटलं. ज्या आकडेमोडीत हा घोळ झाला तिची एरियन-५ ला उडाल्यानंतर गरजसुद्धा नव्हती. जुन्या घरून आली होती म्हणून ती चालू होती. तेव्हा पुढच्या वेळी बिलाचा रकाना रिकामा आला म्हणून कुणी फार चिडलं, तर हे उदाहरण शांतपणे सांगावं. मी सांगून पाहिलं आहे. समोरचा अधिक चिडतो.

ट्रकात व्याख्या जाते, भोवतालची परिस्थिती जात नाही, एवढीच खरी गोम आहे. डेव्हमध्ये सगळ्यांना सगळे अधिकार असतात. प्रॉडला गोदामातल्या कारकुनाला ते बटणच दिसत नाही. बिलांच्या नंबरांच्या मालिका आपोआप जात नाहीत. त्या प्रॉडला हातानं मांडाव्या लागतात. हिशेबाचा महिना उघडणं-मिटणं, चलनांचे दर, हेही तिथल्या तिथं. यासाठी 'हातानं करायच्या गोष्टी' असा एक कागद तयार करतात. तो कागद सगळ्यांनी मिळून नीट लिहिलेला असतो, आणि ज्या रात्री तो लागतो त्या रात्री ज्याला तो उघडायचा अधिकार आहे तो विमानात असतो.

आणि एकदा पोचलेला माल परत बोलावता येत नाही. मागे घ्या, असं बटणच नाही. जुनी आवृत्ती शोधायची, ती नव्या रिक्वेस्टमध्ये घालायची, ती रिलीज करायची आणि पुन्हा सगळ्या दादांना फोन लावायचे. म्हणून मग कुणाला तरी सोपा मार्ग सुचतो: "पाच मिनिटं प्रॉड उघडा, मी तिथंच दुरुस्त करतो." प्रॉडला बदल करायला बंदी असते, पण ती बंदी एका पडद्यावर उठवता येते, आणि रात्री दीड वाजता कुणाचं तरी मन द्रवतं. दुरुस्ती होते, कारखाना सुरू होतो, सगळे झोपतात. त्या दुरुस्तीचा डेव्हला पत्ता नसतो. दोन महिन्यांनी डेव्हमधून त्याच प्रोग्रॅमची पुढची रिक्वेस्ट येते आणि रात्री दीडची ती दुरुस्ती पुसून टाकते. आता शोध सुरू होतो की दोन महिने चालत असलेलं आज बंद कसं पडलं. ज्याला उत्तर माहीत आहे तो मीटिंगमध्ये शेवटपर्यंत म्यूटवर असतो.

असा शोध घ्यायची वेळ आली की माणूस शेवटी जातो रिक्वेस्टच्या वर्णनाकडे. हा बदल कशासाठी केला ते लिहायला तिथं साठ अक्षरांची जागा दिलेली आहे. शेकडो रिक्वेस्ट खाली खाली सरकवत जावं तर दिसतं काय? 'बदल'. 'बदल २'. 'फिक्स'. 'पुन्हा फिक्स'. 'साहेबांनी सांगितलेलं'. एकानं नुसतं टिंब दिलेलं. चार वर्षांपूर्वी कुठल्या साहेबांनी काय सांगितलं होतं हे शोधायला दिवाळीची सुट्टी घालवलेला माणूस मी पाहिला आहे. साहेब तोवर कॅनडात स्थायिक झाले होते.

म्हणून या धंद्यातल्या बंधुभगिनींना हात जोडून एकच विनंती आहे. ती साठ अक्षरं वापरा. कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती अडचण आणि तुम्ही काय बदललंत, एवढं त्यात सहज मावतं. ते लिहायचा कंटाळा येत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की वर्णनाच्या शेजारच्याच रकान्यात रिक्वेस्टच्या मालकाचं नाव असतं, आणि ते यंत्र स्वतः लिहितं.